ढोरे सरांचा खेकडा

ढोरे सर हात मिळवत, पण लवकर सोडत नसत. समोरच्याचा हात हातात आला की ते तो उलटा करत, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे आपला अंगठा दाबत आणि चेहऱ्याकडे न पाहता विचारत, "इथं दुखते का?" हा त्यांचा नमस्कार होता. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, एकदा तर स्मशानातून परतताना खांदेकऱ्यालाही त्यांनी हे विचारलेले मी पाहिले आहे. "सर, भविष्य सांगता काय?" असे कोणी थट्टेने म्हटले की उत्तर ठरलेले असे. "भविष्य नाई बापा. दिवसभर काय करता ते इथं लिहेल हाय. तोंड म्हणते बरं हाय. मनगटाले विचारा."

माझी त्यांची पहिली भेट अकोल्यात, आमच्या दैनिकाच्या कार्यालयात झाली. जिल्ह्याची पाने माझ्याकडे होती. संध्याकाळची, पाने छपाईला सोडायची घाई होती आणि पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला एक उंच, वाकलेला माणूस ऑपरेटरांच्या पाठीशी उभा राहून त्यांचे हात पाहत होता. मी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "पत्रकार साहेब, तुमच्या इथले सारे हात लटकून राहिले. मनगट टेबलाच्या काठावर अन् बोटं वर. असं तर बकरी बी बांधत नाई कोणी."

कोपऱ्यातल्या संगणकावरून मान न वळवता आवाज आला, "दादा, मले पान सोडू दे. मंग सांग बकरीचं."

ती शोभा, त्यांची धाकटी बहीण. आमच्याकडची सर्वात वेगवान ऑपरेटर. तालुक्याचे वार्ताहर हाताने लिहिलेल्या बातमीचा फोटो मोबाईलवर पाठवत. तो वाचून मराठीत टाइप करायचा आणि पानावर बसवायचा, हे तिचे काम. इतरांना न लागणारे अक्षर तिला लागत असे. नवरा वारल्यावर बाळापूरचे सासर सोडून ती अकोल्यात एक खोली घेऊन राहिली होती. सासरच्यांनी तिला हाकलले नव्हते. तिथे तिला जागा होती, पण ती चुलीजवळ. याबद्दल ती एकदाच बोलली, तेही पान लावता लावता. "बाळापुरात मी सून हाय. इथं ऑपरेटर हाय." मग तिने मला मथळा लहान करायला सांगितले.

ढोरे सरांची टंकलेखन संस्था अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होती. आधी तिथे टाइपरायटर होते, नंतर संगणक आले. शिस्त बदलली नाही. प्रत्येक कीबोर्डवर प्लायवूडचे, पुढून उघडे खोके ठेवलेले असे. मुलांनी हात त्यात घालायचे आणि नजर उजवीकडच्या कागदावर ठेवायची. "बोर्डाकडं पाह्यलं की बोट आळशी होते," सर सांगत. ते "चालू" म्हणाले की सुरू करायचे, "थांबा" म्हणाले की थांबायचे. मधे मान वर करायची नाही. उतारा संपला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच लटकत असे. वलगावकडून येणारी एखादी मुलगी, एसटी उशिरा आली, थोडा वेळ वाढवून द्या, असे म्हणाली की सर ते घड्याळ उचलून दाखवत. "याले ना भाऊ, ना बहीण."

शोभा याच वर्गात शिकली होती. लग्नाआधी ती सरांची दाखवायची विद्यार्थिनी होती. नवीन मुले आली की तिला मधोमध बसवून उतारा देत आणि खोक्यातून येणारा आवाज मुलांना ऐकवत. "पानावर पाऊस पडून राहिला असा आवाज पायजे," असे ते म्हणत. तो आवाज त्यांना फार आवडे.

तिचा हात दुखतो हे आधी कार्यालयात कळले, सरांना नंतर. टाइप करताना ती मधेच थांबून हात झटकू लागली, पाणी उडवावे तसा. मग एक दिवस चहाचा कप तिच्या हातातून पडला. कपाचा कान आधीच फुटका होता, असे तिने सांगितले. कान धड होता, हे तुकड्यांवरून दिसत होते. डॉक्टरांनी मनगटात नस दबल्याचे निदान केले आणि विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे रजा, आणि रजा म्हणजे त्या खुर्चीत दुसरे कोणी. ते तिला नको होते.

सरांचे पहिले मत, सवय चुकली आहे, असे होते. रविवारी ते अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला येत, तिला ताठ बसवत, मनगटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवत आणि उतारे करून घेत. दुखण्यावर सरावाचा उपाय. त्याने हात आणखी बिघडला. तेव्हा टंकलेखनाच्या शिक्षकाने सहसा न करण्याची गोष्ट त्यांनी केली. त्यांनी बोर्डावर संशय घेतला.

त्यांचे म्हणणे साधे होते. मराठीत जोडाक्षर आले की शिफ्टचे बटण दाबावे लागते. शिफ्ट कोपऱ्यात असते, म्हणून हातातले सर्वात दुबळे बोट, करंगळी, दिवसभर ताणली जाते आणि मनगट बाहेरच्या बाजूला मुरडते. "अन् आंगठा पाहा," ते म्हणत. "सगळ्यात दांडगा गडी. तो काय करते? एक आंगठा स्पेसबार हाणते. दुसरा बसून खाते. करंगळीनं राबाचं अन् आंगठ्यानं बसून खाचं, हे घर चालीन कसं?"

कुंभाराकडून त्यांनी मळलेली माती आणली. दोन पाट भरून शोभेसमोर ठेवले आणि तिला डोळे मिटून, टाइप करायचे आहे असे समजून, हात मातीवर सोडायला सांगितले. हात एकमेकांना समांतर पडले नाहीत. दूर पडले, आणि अंगठ्याची बाजू वर राहिली. "पाहून घे," सर म्हणाले, "सपाट बोर्ड कोण्या हातानं मागतलाच नवता." त्या ठशांवरून त्यांनी सागवानाचे दोन उतरते तुकडे करवून घेतले, जुना कीबोर्ड मधोमध कापून दोन्ही तुकड्यांवर बसवला, शिफ्ट अंगठ्याखाली आणली. दोन अर्धे भाग, घराच्या छपरासारखे दोन्हीकडे उतरणारे, मधून तारांचा झुपका. संस्थेतल्या मुलांनी त्याला पाहताच नाव दिले, खेकडा. सरांना ते आवडले नाही, पण तेच चालले.

शोभेने खेकडा महिनाभर खोलीवर वापरला. मी आणि सर एका रविवारी तिच्याकडे चहाला होतो तेव्हा ती म्हणाली, "दादा, हात हलका वाटून राहिला. झोपेत मुंग्या नाई आल्या या आठवड्यात."

सर म्हणाले, "बस. उतारा घे."

त्यांनी गळ्यातले घड्याळ हातात घेतले. ती टाइप करू लागली. अंगठ्याला शिफ्टची सवय नव्हती, ती अडखळत होती, पण खांदे सैल होते आणि चेहऱ्यावर ताण नव्हता. सरांनी "थांबा" म्हटले, शब्द मोजले आणि घड्याळ पुन्हा गळ्यात घातले. वेग निम्म्यावर आला होता.

"ह्या स्पीडमधे तुले कोण ठेवीन?"

"वाढंल ना दादा. हळूहळू."

"पानं हळूहळू सुटत नाई शोभे."

तिने माझ्याकडे पाहिले. पाने हळूहळू सुटत नाहीत, हे खरे होते. सरांनी खेकडा टॉवेलात गुंडाळून अमरावतीला नेला आणि संस्थेतल्या कपाटावर ठेवला.

त्यानंतरचा काळ त्यांनी तो बोर्ड सुधारण्यात घालवला. सुधारण्याची व्याख्या वेग ही होती. प्रत्येक नवा नमुना ते संस्थेतल्या मुलांना देत, उतारा घेत आणि घड्याळ पाहत. हात कसा आहे, हे ते विचारत. पण कागदावर लिहीत ते फक्त मिनिटाचे शब्द. आयुष्यभर त्यांनी टाइप करणाऱ्या माणसाची दुसरी कोणतीही मोजणी केलेली नव्हती. उतार कमी केला की मुले लगेच वेगात येत, म्हणून उतार कमी झाला. दोन भाग जवळ आणले की चुका घटत, म्हणून भाग जवळ आले.

बाजारानेही त्यांना त्याच बाजूला ढकलले. संस्थेतल्या एका मुलीने विचारले की सरकारी परीक्षेत सपाट बोर्ड समोर येणार, मग मी यावर शिकून तिथे काय करू? आमच्या व्यवस्थापकांनी नमुना पाहिला, सौजन्याने चहा दिला आणि सांगितले की एका खुर्चीवर दोन पाळ्यांची माणसे बसतात. एकाच्या मापाचा बोर्ड दुसऱ्याला चालणार नाही. अकोल्याचे संगणक विक्रेते राठीशेठ हे त्यातले सर्वात मोकळे. त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला.

"सर, याले खालून लाइट लावा. हिरवी, निळी. गेमवाले पोट्टे घेऊन जातीन."

"शेठ, हे हातासाठी हाय."

"हातासाठी कोण कीबोर्ड घेते? हातासाठी लोक बाम घेते. शेजारी मेडिकल हाय, तिथं ठेवा."

सर हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी शिफ्टचे बटण पुन्हा करंगळीखाली नेले, कारण राठीशेठचे गिऱ्हाईक तिथेच ते शोधेल. अंगठा पुन्हा बसून खाऊ लागला.

शेवटचा नमुना अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी प्लास्टिकमध्ये छापून दिला. काळा, गुळगुळीत, मधे किंचित फुगीर. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव होते: शोभा. तो घेऊन ते आमच्या कार्यालयात आले, पाने सुटल्यावर तिला बसवले आणि उतारा दिला. तोच जुना आवाज झाला. सगळे ऑपरेटर वळून पाहू लागले. सरांनी घड्याळ थांबवले आणि ते सगळ्यांना दाखवले. वेग पूर्वीइतका होता. मग त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबले.

"इथं दुखते का?"

"नाई दुखत दादा."

"खरं सांग."

"खरंच नाई. काहीच नाई होत."

त्यांनी सोबत पेढे आणले होते. ते आम्ही खाल्ले. राठीशेठकडे ते दुसऱ्याच दिवशी गेले. मी बरोबर होतो. शेठने काळा बोर्ड काउंटरवर ठेवला, त्याच्या शेजारी दुकानातला नेहमीचा बोर्ड ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहिले. त्यांच्या बोलण्यात या वेळी थट्टा नव्हती.

"सर, हे तर आपलं नेहमीचंच झालं. नेहमीचं माझ्याजवळ हाय."

सर काउंटरवरून बोर्ड उचलायला विसरले. मी तो पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.

त्याच सुमारास शोभा मधल्या बोटाला पट्टी बांधून कामावर आली. तव्याचा चटका बसला होता. तो बसल्याचे तिला फोड आल्यावर कळले होते. पुन्हा डॉक्टर झाले. अंगठ्याच्या मुळाशी जिथे उंचवटा असतो तिथे तिला खळगा पडला होता. दुखणे थांबले नव्हते, असे डॉक्टरांनी सांगितले. दुखल्याचे सांगणारी नसच थकली होती. शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे नस आणखी खराब होणे थांबले. गेलेले परत आले नाही. तिला ब्लाऊजचे हुक लावता येईनात. नाणे आणि बटण यांतला फरक तिला बोटांनी कळत नसे, पाहावे लागे.

कार्यालयात तेव्हा ऑपरेटरांच्या जागा कमी होत होत्या. वार्ताहर मोबाईलवर बोलून मजकूर पाठवू लागले होते. कमी करायच्या नावांत शोभेचे नाव वर असणे स्वाभाविक होते. तिने खोली सोडली. सरांनी तिला अमरावतीला चल म्हटले. ती म्हणाली, "तुझ्या घरी बसून खाऊ? आंगठ्यासारखी?" हे ती हसून म्हणाली. सरांनी मान फिरवली. ती बाळापूरला गेली.

तिचे सामान टेम्पोत चढवून आम्ही दोघे परतलो. अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी लागेपर्यंत सर बोलत होते. इतके सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "पयलाच बरोबर होता. खेकडा. तिनं सांगतलं होतं, हात हलका वाटते. मातीनं सांगतलं होतं. मी घड्याळाले विचारत बसलो. घड्याळाले काय मालूम हात कोणाचा हाय?" मग म्हणाले, "स्पीड कमी होती तर तुमच्या मॅनेजरशी भांडाचं होतं. मी बोर्डाशी भांडलो." गाडी लागली. चढताना त्यांनी माझा हात घेतला, पण उलटा केला नाही.

पुढच्या रविवारी ते खेकडा घेऊन बाळापूरला गेले. शोभेने मला फोनवर सांगितले की त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला आणि उतारा मागितला नाही. ते थोडा वेळ बसले, चहा घेतला आणि निघाले.

संस्था त्यांनी बंद केली नाही. परीक्षा होती, मुले होती. कोणाचाही हात हातात घेऊन विचारणे मात्र त्यांनी सोडून दिले. काळा बोर्ड त्यांनी कोणाला विकला नाही, दिलाही नाही.

ते गेले त्या दिवसाची हकीकत मी त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकली. सकाळची तुकडी होती. परीक्षा जवळ आल्यामुळे पूर्ण उतारा घ्यायचा होता. सर "चालू" म्हणाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मुलांनी खोक्यांत हात घातले, नजर कागदावर ठेवली. "थांबा" आले नाही. उतारा संपला तेव्हा मुलांनी, शिकवल्याप्रमाणे, पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. एकीने सांगितले की वेळ जास्त झाल्याचे तिला जाणवले होते, पण सर आज दम पाहत असतील असे वाटले. दुसऱ्याने सांगितले की त्याला खुर्चीवर काही तरी आपटल्याचा आवाज आला होता. मान वर करायची नाही, म्हणून त्याने केली नाही. तो उतारा तिसऱ्यांदा टाइप करत असताना पुढच्या तुकडीची मुले जिना चढून आली आणि त्यांनी दारातून पाहिले. सर खुर्चीत एका बाजूला कलले होते. दोरी गळ्यात होती, घड्याळ मांडीवरून घसरून लोंबत होते आणि चालू होते.

डॉक्टरांच्या मते हृदय एकाएकी थांबले असावे आणि मुले धावली असती तरी उपयोग झाला नसता. मुलांना हे सांगण्यात आले. त्यांना ते पटले की नाही, हे मला कळू शकले नाही. तुकडीतल्या दोघांनी परीक्षा दिली नाही.

आमच्या दैनिकात निधनाच्या बातम्या आता मोबाईलवर बोलून येतात. त्यांत नावे हमखास चुकतात. ढोरे सरांची बातमी संध्याकाळी मेलवर आली, टाइप केलेली. सहा ओळींची. नाव, वय, संस्था, पश्चात बहीण, अंत्ययात्रेची वेळ. त्यात एकही चूक नव्हती, एकही जोडाक्षर तुटलेले नव्हते. ती शोभेने बाळापूरहून पाठवली होती. अंत्ययात्रेची वेळ टळून गेली होती.

मी तिला फोन केला. वेळ निघून गेल्याने तेवढी ओळ काढतो, असे सांगितले.

"काढा," ती म्हणाली. "निरोप उशिरा आला, अमरावतीले पोचणं होत नवतं. दुपारी बसली होती मी लिहाले. बोटाले बटन कळत नाई ना, प्रत्येक अक्षर पाहून मारावं लागते. दादानं पाह्यलं असतं तर खोकं ठेवलं असतं बोर्डावर."

मी विचारले, खेकड्यावरच टाइप केले का.

"हो. त्याच्यावर मनगटाले बरं पडते." मग म्हणाली, "किती वेळ लागला ते नका विचारू साहेब. घड्याळ नाई लावलं."

अंत्ययात्रेची ओळ मी काढली. बाकीचा मजकूर तिने पाठवला तसाच दुसऱ्या दिवशी छापला.